काळ्या मशीनवरची पहिली टीप ते डब्याची पिशवी: सांगलीच्या शिवणवर्गातल्या नोंदी

काम: पायानं चालणाऱ्या साध्या काळ्या मशीनवर सरळ टीप, कोपरा, वळण, दुमड, शिवणींचे नेहमीचे प्रकार आणि नेफा (नाडी ओवायची दुमड). शेवटी नाडीची डब्याची पिशवी.

जागा: गावभाग, सांगली. मशीन चार, सगळ्या फक्त सरळ टीप मारणाऱ्या. तिसरी मशीन ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाण्याखाली गेलेली, नंतर पुसून-तेल घालून चालू केलेली.

सामान: मांजरपाट, १४ आणि १६ नंबरच्या सुया, लाल, निळा आणि पांढरा पॉलिस्टर दोरा, जादा बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रिळं), टेप, टेलरचा खडू, टाचण्या, कात्री, उसवणी, मशीनचं तेल, रंगाचा जुना ब्रश.

३ जून २०२४

आज शिवणं नाही, फक्त मशीन. चारही मशीनची झाकणपट्टी सरकवून बॉबिन केस काढली. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या फिरवून कडं सोडलं, चंद्रकोरीसारखं शटल हातात घेतलं. शटल ज्या गोल खोबणीत फिरतं तिथं दोऱ्याच्या भुशाचा थर होता. दात्यांच्या खाचांत तर भुसा दाबून नमद्यासारखा घट्ट झालेला. दाते त्यामुळं पूर्ण वर येत नाहीत आणि कापड सरकत नाही. सुईपट्टीचे दोन स्क्रू काढले, ब्रशनं भुसा उकरला. तोंडानं फुंकायचं नाही, ओल आत जाते आणि भुसा आणखी खोल बसतो.

तेल: खोबणीत एक थेंब, वरच्या प्रत्येक भोकात एकेक थेंब, सुईदांडीला एक. मग चाक हातानं फिरवून तेल पसरू द्यायचं, जुन्या चिंधीवर डाग पडायचा थांबेपर्यंत बिनदोऱ्याची टीप मारायची. एका मशीनला घरी खोबरेल घातलेलं होतं. खोबरेल थंडीत गोठतं आणि एरवी चिकट होऊन सांधे धरतं; पायडल जड झालं की लोक वादीला, म्हणजे चाक फिरवणाऱ्या पट्ट्याला, दोष देतात. ते रॉकेलनं धुऊन काढावं लागलं. रॉकेल घाण सोडवतं, पण ते वंगण नव्हे. धुतल्यावर पुसून मशीनचं तेल घातलंच पाहिजे, नाहीतर धातू कोरडा चालतो.

तिसऱ्या मशीनच्या शटलवर गंजाचे बारीक खड्डे दिसतात. तूर्त चाक हलकं फिरतंय. पुढं बघू.

४ जून

पायडल. दोरा नाही, सुई नाही, फूट (कापड दाबून धरणारा भाग) वर. हातचाकाच्या मधला मोठा स्क्रू सैल केला की चाक फिरतं पण सुईदांडी फिरत नाही. पायाचा सराव असाच करायचा.

चाकाचा वरचा भाग शिवणाऱ्याकडं आला पाहिजे. उलटं फिरलं की दोरा शटलमध्ये अडकतो किंवा तुटतो. सुरुवात हातानं चाक आपल्याकडं ओढून करायची, लगेच पायानं झोका पकडायचा. एक पाऊल थोडं पुढं, दुसरं थोडं मागं: पुढच्याचा चवडा दाबतो तेव्हा मागच्याची टाच सुटते. दोन्ही पावलं एका रेषेत ठेवली की पायडल मधल्या जागी अडतं आणि पुन्हा निघताना बहुतेक वेळा उलटं निघतं.

थांबायला शिकणं चालवण्यापेक्षा अवघड आहे. पाय उचलून मशीन थांबत नाही. चाकाला हाताचा तळवा लावायचा. “थांबा” म्हटल्यावर चाक अर्ध्या फेऱ्यात थांबलं की पुढं जायचं, तोवर नाही.

वादी सैल असेल तर पाय हलतो आणि चाक घसरतं. वादी अर्धा इंच कापून पिन पुन्हा लावली. फार ताणली तर पायडल जड होतं, म्हणून एका वेळी याहून जास्त कापू नये. वादीवर तेलाचा थेंबही नको.

६ जून

कागद. वहीच्या रेघी पानावर, दोरा न ओवता, जुनी सुई लावून. कागद सुईची धार खातो, त्यामुळं या सुया वेगळ्या डबीत ठेवल्या आणि डबीवर “कागद” असं लिहिलं.

क्रम: सरळ रेघा, मग तुटक रेघा, म्हणजे रेघ संपते तिथं थांबायचं. मग चौकोन, शेवटी गोगलगाईसारखं आत जाणारं वळण. रेघेवर भोकं पडली पाहिजेत, शेजारी नाही.

इथं एक खोड सगळ्यांना असते: नजर सुईच्या टोकावर. सुई वरखाली होते म्हणून डोळे तिच्याबरोबर नाचतात आणि रेघ सुटते. बघायचं ते फुटाच्या उजव्या कडेकडं आणि रेघेच्या पुढच्या इंचभर भागाकडं. हे सांगितल्यावर रेघ लगेच सुधारते, त्यासाठी आठवडा लागत नाही.

दुसरी खोड म्हणजे कागद ओढणं. कागदावर ती खपून जाते. कापडावर ओढलं की सुई वाकते, सुईपट्टीवर आपटते आणि मोडते. दाते कापड पुढं नेतात. हातांचं काम फक्त दिशा देण्याचं. डावा हात कापडावर सपाट, उजवा पुढं कडेला.

७ जून

सुईचं सामान्य ज्ञान. पाकिटावर ९०/१४ असं असतं. ९० म्हणजे सुईच्या दांड्याची जाडी ०.९० मिलिमीटर, १४ हा त्याच सुईचा दुसऱ्या पद्धतीचा नंबर. मांजरपाट, पॉपलीन, सुती ब्लाऊजपीस यांना १४. जीन्स, कॅनव्हास, पिशवीच्या कोपऱ्यातले सहा-आठ थर यांना १६. मलमल आणि वॉइलला ७५/११. पातळ कापडाला जाड सुई लावली की भोकं दिसतात. जाड कापडाला बारीक सुई लावली की ती वाकते आणि टाका सुटतो.

सुईच्या एका बाजूला वरून नेढ्यापर्यंत लांब खाच असते. दोरा त्या खाचेतून खाली जातो, म्हणून खाच नेहमी ज्या बाजूनं दोरा ओवायचा त्या बाजूला. चपटी बाजू शटलच्या टोकाकडं. आमच्या या मशीनवर दोरा डावीकडून उजवीकडं ओवला जातो, म्हणून खाच डावीकडं आणि चपटी बाजू उजवीकडं. अंधारात कळत नसेल तर नखानं खाच चाचपावी. सुई वर टेकेपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळायचा. दोन मिलिमीटर खाली राहिली तरी शटलला दोऱ्याचा फास सापडत नाही आणि टाके सुटतात.

सुई सरळ आहे का, हे काचेवर बघतात. चपटी बाजू काचेवर ठेवली की दांडा आणि काच यांच्यामधली फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे. टोकाकडं फट वाढली किंवा मिटली की सुई वाकली. डोळ्यांसमोर धरून हे कळत नाही. एकदा सुईपट्टीवर आपटलेली सुई सरळ दिसली तरी टाकून द्यावी. टोकाला आलेला बारीक आकडा कापडाचे धागे ओढतो. शिवताना कापडात टक्-टक् आवाज येऊ लागला की टोक बोथट झालंय.

१० जून

ओवणं. फूट वर, मगच दोरा. फूट वर असताना टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्या एकमेकींपासून सुटतात आणि दोरा त्यांच्या मध्ये बसतो. फूट खाली ठेवून ओवला तर दोरा चकत्यांच्या वरच राहतो, टेन्शन लागतच नाही. दिसायला सगळं बरोबर, आणि कापडाखाली वरच्या दोऱ्याचं जाळं.

क्रम: रीळ, वरची कडी, टेन्शनच्या चकत्या, चकत्यांजवळची तारेची स्प्रिंग, टेकअप लिव्हर म्हणजे वरखाली होणारी दांडी, खालच्या कड्या, नेढं. यातलं एक ठिकाण चुकलं तरी पहिल्या दोन इंचांत कळतं. टेकअप लिव्हर चुकला तर सुईतून दोरा निघून जातो किंवा खाली लगेच गुंता होतो.

तपासायची युक्ती: ओवून झालं की फूट खाली करून नेढ्याजवळ दोरा ओढायचा. जड लागला पाहिजे. फूट वर करून ओढला तर हलका यायला हवा. दोन्ही वेळा हलकाच आला तर दोरा चकत्यांत नाही.

बॉबिन भरताना दोरा थरावर थर सपाट बसला पाहिजे, आणि कडेपर्यंत नाही, थोडी जागा ठेवून. फुगलेली बॉबिन केसमध्ये घासते आणि खालचा दोरा मध्येच ताणला जातो. बॉबिन केस बसवताना तिचा आकडा वरच्या खाचेत जाऊन कट् असा आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर केस सैल आहे आणि पहिल्याच टाक्याला सुई तिच्यावर आदळेल.

सुरुवातीचा गुंता: सगळ्यांना एकदा तरी होतो, म्हणून आधीच सांगितलं. खालचा दोरा वर काढायचा. सुईचा दोरा डाव्या हातात सैल धरून चाक आपल्याकडं एक फेरी फिरवलं की खालच्या दोऱ्याचा फास वर येतो, तो टाचणीनं ओढून घ्यायचा. दोन्ही दोरे चार इंच, फुटाच्या खालून मागं. पहिले दोन-तीन टाके पडेपर्यंत दोन्ही टोकं मागं धरून ठेवायची, मग सोडायची. शेवटी टेकअप लिव्हर सर्वांत वर आणूनच कापड मागं काढायचं. लिव्हर मध्येच असताना ओढलं तर सुई वाकते आणि पुढच्या टिपेला दोरा सुईतून निसटतो.

१२ जून

टेन्शन. आजचा दिवस याच्यावरच गेला, आणि जायलाच हवा होता.

वर लाल दोरा, खाली निळा, कापड पांढरा मांजरपाट, दोन पदर. बरोबर टीप अशी: वरून फक्त लाल, खालून फक्त निळा. दोन्ही दोऱ्यांची गाठ दोन पदरांच्या मधोमध लपलेली. टिपेच्या बाजूनं दोन पदर थोडे उलगडून भिंगातून पाहिलं की लाल आणि निळा एकमेकांत आकड्यासारखे अडकलेले दिसतात, आणि गाठ कुठल्याच पृष्ठावर येत नाही.

खालच्या बाजूला लाल ठिपके किंवा फास दिसले: वरचा दोरा सैल. वरच्या बाजूला निळे ठिपके दिसले: वरचा दोरा घट्ट, किंवा खालचा फार सैल. दोन्ही बाजू ठीक दिसतात पण कापड टिपेवर आकसतंय: दोन्ही घट्ट, किंवा सुई बोथट, किंवा पातळ कापडावर टाका लांब.

आता महत्त्वाचं. टेन्शनची चावी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते, म्हणून सगळे पहिल्यांदा तीच फिरवतात. चावीला हात लावायचा तो सगळ्यांत शेवटी. आधी दोरा पुन्हा ओवायचा, फूट वर ठेवून. मग सुई बदलायची. मग बॉबिन काढून फटीतला भुसा टाचणीनं काढायचा. मग दोरा स्वतः बघायचा: जुना, उन्हात ठेवलेला दोरा दोन हातांत ओढला तर सहज तुटतो, त्याला कुठलंही टेन्शन चालत नाही. एवढं करूनही बिघाड राहिला तरच चावी, आणि एका वेळी पाव फेरी. फिरवली की लगेच चिंधीवर सहा इंच टीप मारून बघायचं. तीन वेळा पाव-पाव फेरी फिरवूनही फरक दिसला नाही तर बिघाड चावीत नाही. चावी आधीच्या जागी आणून पुन्हा पहिल्यापासून.

वर्गात चारही मशीनवर “टेन्शन गेलंय” अशी तक्रार आली. पहिलीवर दोरा चकत्यांबाहेर होता. दुसरीवर बॉबिन केसच्या पट्टीखाली भुसा. चौथीवर बोथट सुई. चावी फिरवावी लागली ती कुठंच नाही. तिसरीवर वरचा दोरा दर तीन-चार इंचांनी पिंजून तुटतो आहे, त्याचं कारण अजून मिळालं नाही.

बॉबिन केसची चाचणी: भरलेल्या बॉबिनसह केस दोऱ्यानं लोंबकळत धरायची. आपोआप खाली घसरली तर सैल. मनगटाला हलका झटका दिल्यावर दोन इंच उतरून थांबली तर बरोबर. झटक्यानंही हलली नाही तर घट्ट. पट्टीवरचा मोठा स्क्रू सूतभर फिरवायचा, पण खाली ताट ठेवून. तो स्क्रू जमिनीवर पडला की सापडत नाही, आणि पट्टीचा छोटा स्क्रू तर चुकूनही सोडू नये.

१४ जून

टाक्याची लांबी. मशीनवरचे आकडे प्रत्येक मशीनला वेगळे, म्हणून मोजून घ्यायचं: एक इंच टिपेत टाके किती. दहा टाके म्हणजे टाका सुमारे अडीच मिलिमीटर, ही नेहमीची टीप. चुण्या घालायला सहा ते सात टाके, टेन्शन थोडं सैल. वळणाला आणि ताण येणाऱ्या जागी बारा-तेरा. प्रत्येकीनं आपल्या मशीनवरची दहा टाक्यांची जागा खडूनं खूण करून ठेवली.

टीप पक्की करणं: सुरुवातीला आणि शेवटी तीन टाके मागं. लिव्हर मागं जात नाही अशा मशीनवर टाका अगदी लहान करून अर्धा इंच शिवलं तरी चालतं.

दोरा किती लागतो, याचा अंदाज: या टिपेला वरचा आणि खालचा मिळून टिपेच्या लांबीच्या सुमारे अडीच पट. बॉबिन संपायला आली की मोठी टीप सुरू करू नये.

१८ जून

कोपरे आणि वळणं. १२ इंची चौकोन, कडेपासून अर्ध्या इंचावर रेघ, आत पुन्हा अर्ध्या इंचावर.

कोपरा: शेवटचे दोन टाके हातानं चाक फिरवून. सुई अगदी खाली जाऊन नुकती वर निघते आहे अशी थांबवायची. तिथं फास शटलनं पकडलेला असतो, त्यामुळं वळल्यावर पहिला टाका सुटत नाही. सुई कापडातच, फूट वर, कापड फिरवायचं, फूट खाली. फूट खाली करायला विसरलं तर पुढचे टाके लोंबतात आणि खाली जाळं होतं.

टोक अणकुचीदार काढायचं असेल, जसं कॉलरचं, तर टोकावर एक टाका तिरका घ्यावा. अगदी टोकाला वळवलं तर उलटवल्यावर कापडाला आत जागा उरत नाही आणि टोक गोल येतं. हे ऐकायला उलटं वाटतं, म्हणून दोन्ही प्रकार शिवून उलटवून शेजारी शेजारी ठेवले. फरक दिसला.

वळणाला टाका लहान, दर दोन-तीन टाक्यांनी सुई खाली ठेवून फूट उचलायचं आणि कापड किंचित वळवायचं. एकदम वळवलं की वळणाला टोकं येतात.

अर्ध्या इंचाची खूण: सुईपट्टीवर सुईच्या भोकापासून अर्धा इंच मोजून चिकटपट्टी लावली. कापडाची कड तिला धरून चालवायची. फुटाची कड आणि सुई यांच्यातलं अंतर मशीनगणिक वेगळं असतं, त्यावर भरवसा नको.

२१ जून

शिवणी. साधी शिवण: सुलट बाजू आत, अर्ध्या इंचावर टीप, आधी बंद असतानाच इस्त्री, मग उलगडून. बंद शिवणीवरची पहिली इस्त्री टाके कापडात बसवते. ती टाळली की उलगडलेली शिवण लाटा धरते.

पदर सरकणं: दाते फक्त खालच्या पदराला ओढतात, वरचा पदर फुटाखाली मागं राहतो. लांब शिवणीच्या शेवटी वरचा पदर पाव इंच जास्त उरलेला दिसतो तो यामुळं. कापणी चुकली असं समजून वाढलेलं कापून टाकू नये! टाचण्या शिवणीला आडव्या, तीन-तीन इंचांवर. सुई टाचणीपाशी यायच्या आधीच टाचणी काढायची. निसरड्या कापडाला आधी हातानं धावदोरा घालावा.

फ्रेंच शिवण, म्हणजे कड आत बंद होणारी. यासाठी एकूण पाच सूत दाब (शिवणीसाठी सोडलेली कड) ठेवायचा: आधी उलट बाजू आत ठेवून दोन सुतांवर टीप, मग कड एका सुतापर्यंत छाटायची, उलटवून इस्त्री, आणि सुलट बाजू आत ठेवून तीन सुतांवर टीप. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. छाटणी नीट झाली नाही तर शिवणीतून धाग्यांच्या मिशा डोकावतात, आणि त्या नंतर कात्रीनं काढता येत नाहीत. पातळ कापडाला, उशीच्या अभ्र्याला, झबल्याला उत्तम.

चपटी शिवण पायजम्याला आणि सदऱ्याला: एक पदर छाटून दुसरा त्याच्यावर दुमडायचा आणि वरून टीप मारायची. आज नमुनाच शिवला.

२५ जून

पिशवीचं कापड. शाळा सुरू झाल्या आहेत, डब्याच्या पिशव्यांना मागणी आहे. जाडसर सुती, पन्हा ३६ इंच, कापडपेठेतून, इचलकरंजीकडचा माल. एक मीटर कापडात दोन पिशव्या.

कापड आधी भिजवायचं. कोऱ्या कापडात कांजी असते आणि पहिल्या पाण्यात ते आटतं. रात्रभर साध्या पाण्यात, सकाळी पिळून, वाळवून, किंचित दमट असताना इस्त्री. पन्हा ३५ इंच उरला, मीटरची लांबी सुमारे ३८ इंच. न भिजवता शिवलेली पिशवी पहिल्या धुण्यात शिवणींवर आकसते, कारण पॉलिस्टरचा दोरा आटत नाही आणि कापड आटतं.

सरळ कापणं: दुकानात फाडलेलं किंवा कापलेलं टोक आडव्या धाग्याला धरून असेलच असं नाही. काठापाशी छोटी चीर देऊन एक आडवा धागा उचलायचा आणि हळूहळू ओढायचा. कापड चुण्या पडत जमतं, चुण्या हातानं पुढं सारायच्या. धागा निघून गेल्यावर कापडात केसाएवढी रिकामी रेघ दिसते, तिच्यावरून कापायचं. धागा मध्येच तुटला तर तिथपर्यंत कापून पुढचा धागा उचलायचा. खडू आणि मेजपट्टीनं आखलेली रेघ दिसायला सरळ असते, पण धाग्याला तिरकी गेली तर धुतल्यावर पिशवी पिळवटते.

खुणा टेलरच्या खडूनंच. बॉलपेनची शाई सुती कापडात पसरते आणि इस्त्रीनं पक्की होते.

मापं: पिशवीचा तुकडा १२ × ३० इंच, उभा धागा ३० इंचांच्या बाजूनं. दोन तुकडे शेजारी शेजारी, २४ इंच. उरलेल्या ११ इंच रुंदीतून नाडीच्या पट्ट्या दीड इंच रुंद, ३२ इंच लांब, एका पिशवीला दोन. नाडीला उरेब (धाग्याला तिरकी कापलेली) पट्टी नको, ती ताणली जाते आणि लांब होऊन लोंबते.

२७ जून

पिशवी, पहिला भाग. इथं फ्रेंच शिवण घेतली नाही. तळाच्या कोपऱ्यात तिचे थर एकावर एक येतात आणि पायाच्या मशीनला ते जड जातं. म्हणून कड वेगळी दुमडून साधी शिवण.

३० इंचांच्या दोन्ही कडा दोन सूत आत दुमडून टीप. रुंदी आता साडेअकरा. तुकडा आडवा मधोमध दुमडायचा, सुलट बाजू आत, उंची १५. टीप मारलेल्या कडांपासून अर्ध्या इंचावर दोन्ही बाजूंची शिवण, पण वरून अडीच इंच सोडून. सोडलेल्या जागी नाडी बाहेर येणार आहे. शिवण जिथं संपते तिथं तीन टाके मागं घ्यायलाच हवेत, नाडी ओढली की सगळा ताण तिथं येतो.

शिवण वरपर्यंत उलगडून इस्त्री, सोडलेल्या अडीच इंचांतसुद्धा. मग या सोडलेल्या चिरेभोवती दोन सुतांवरून इंग्रजी यू आकाराची टीप: एका बाजूनं खाली, चिरेच्या टोकाखाली आडवी, दुसऱ्या बाजूनं वर. दोन्ही कोपरे सुई खाली ठेवून वळवायचे. १८ जूनचा सराव इथं कामाला आला. ज्यांनी तो उरकला होता त्यांचा यू डावीकडं वाकला.

२९ जून

तळ. पिशवी उलटीच ठेवून तळाचा कोपरा असा चपटा करायचा की बाजूची शिवण तळाच्या मधल्या घडीवर बरोबर येते. कोपऱ्याचा त्रिकोण होतो. टोकापासून शिवणीवर अडीच इंच खाली मोजून आडवी रेघ. ती रेघ पाच इंच लांब भरली पाहिजे. भरली नाही तर शिवण घडीवर नाही, पुन्हा मांडायचं. रेघेवर दोनदा टीप, १६ नंबरची सुई. तळ साडेपाच बाय पाच इंच होतो, पाच इंच व्यासाचा गोल डबा नीट बसतो. त्रिकोण कापून टाकला तरी चालतो, पण कापला तर कड उसवते. आम्ही तो तळाला दुमडून टाचला, तळ जाड झाला.

जाड थरावर चढताना फूट पुढून उचललं जातं, टाके लहान होतात आणि सुई अडते. चढायच्या आधी त्याच जाडीची घडी केलेली चिंधी फुटाच्या मागच्या भागाखाली ठेवावी. फूट सपाट राहतं. हे चार टाके पायानं नको, चाकावर हात.

नेफा: वरची कड दोन सूत, मग एक इंच दुमडून खालच्या घडीला लागून टीप. चिरेचा सव्वा इंच दुमडीत गेला, सव्वा इंच उरला. नेफा एक इंचाचा, म्हणून चीर टिपेच्या दोन सूत खाली येते. नाडी मोकळी फिरते. चीर आणि नेफ्याची टीप एकाच रेषेवर आली तर नाडी तिथं अडते. टीप मारताना चीर शिवली जाऊ नये, तिथं थांबून पुढचा भाग वेगळा सुरू करावा.

नाडी: पट्टीच्या दोन्ही कडा मध्यावर आणून पुन्हा दुमड, कडेला टीप. तीन सूत रुंद नाडी. एक नाडी डाव्या चिरेतून घालून पूर्ण फेरी मारून डावीकडंच बाहेर, दुसरी उजवीकडून तशीच. सेफ्टी पिन नाडीच्या टोकाला आडवी लावावी. उभी लावली तर नेफ्यात उघडते. दोन्ही बाजूंनी ओढलं की तोंड सारखं मिटतं.

२ जुलै

पाऊस लागल्यापासून हवा दमट आहे. शिवून झालं की सुईखाली चिंधी घालून फूट खाली, मशीनवर कापडी झाकण. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते. बॉबिन केस आणि जादा सुया तेलाचा हात लावलेल्या कापडात. दोऱ्याची रिळं डब्यात.

दाते आणि सुईपट्टी रोज ब्रशनं. या कापडाला पॉपलीनपेक्षा भुसा जास्त, दोन पिशव्यांनंतरच दात्यांत थर दिसतो.

५ जुलै

तिसरी मशीन. वरचा दोरा पिंजून तुटतो, ही तक्रार १२ जूनपासून. ओवणं, सुई, दोरा, बॉबिन, सगळं बदलून झालं. मध्ये कुणीतरी चावी तीन फेऱ्या फिरवली होती, ती परत जागेवर आणली.

शटल काढून त्याच्या टोकावरून आणि कडेवरून नायलॉनचा जुना मोजा फिरवला. दोन ठिकाणी धागा अडकला. तिथंच गंजाचे खड्डे. प्रत्येक टाक्याला वरच्या दोऱ्याचा फास शटलभोवती फिरून जातो. कड खडबडीत असली की दोरा घासत पिंजतो आणि काही टाक्यांनी तुटतो. बारीक खरवड असती तर बारीक पॉलिश पेपरनं, कडेच्या दिशेनं घासून निघाली असती. खड्डे खोल आहेत; घासून काढले तर टोकाचा आकार बदलेल आणि टाके सुटू लागतील. नवं शटल आणलं, जुनं दुकानात सोबत नेऊन ताडून. खोबणी रॉकेलनं पुसली, एक थेंब तेल, कडं बसवलं, दोन्ही खिट्ट्या बंद.

लाल-निळ्या दोऱ्यानं मांजरपाटावर वीस इंच टीप. दोरा तुटला नाही. खालून मात्र तुरळक लाल ठिपके. दोरा पुन्हा ओवला, सुई नवी होतीच, बॉबिन केसची लोंबकळण्याची चाचणी बरोबर. तेव्हा चावी पाव फेरी उजवीकडं. ठिपके गेले.

उरलेलं: चौथ्या मशीनची वादी पुन्हा सैल. सुया १६ नंबरच्या संपत आल्या. पुढचं काम परकर, नेफा दीड इंचाचा. कापड आज भिजत घातलं आहे.